किलोमीटरच्या आधी किलो: शालेय पोषण आहाराचा कार्बन हिशेब

मागच्या जून महिन्यात आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे एक ठराव आला. पोषण आहारासाठी लागणारा भाजीपाला तालुक्याच्या बाजारातून न आणता गावातल्याच शेतकऱ्यांकडून घ्यावा, आणि त्यामुळे कार्बन उत्सर्जन किती कमी झाले याचा फलक शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावा, असा तो ठराव होता. पहिल्या भागाला कोणाचाच विरोध नव्हता. दुसऱ्या भागासाठी आकडा हवा होता, आणि कारखान्यांच्या ऊर्जा परीक्षणाचे काम माझ्या हातून होत असल्यामुळे तो आकडा काढण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मला वाटले होते की अंतर मोजायचे, इंधनाच्या गुणांकाने गुणायचे आणि एका संध्याकाळी काम संपवायचे. प्रत्यक्षात ती वही वर्षभर चालू राहिली आणि जो आकडा निघेल असे सगळ्यांनी गृहीत धरले होते, तो निघालाच नाही.

आमचे गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यातले आहे. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी, आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे थोडा भाजीपाला अशी इथली शेती. शाळा पहिली ते पाचवीची असून पट एकशेवीसच्या आसपास आहे. पोषण आहाराच्या निकषानुसार प्राथमिक वर्गातील मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजीपाला आणि 5 ग्रॅम तेल मिळायला हवे, जेणेकरून त्याच्या पोटात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने जातील. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम असे आहे. सगळी मुले हजर असतील तर आमच्या स्वयंपाकघराला रोज 12 किलो तांदूळ, 2 किलो 400 ग्रॅम डाळ, 6 किलो भाजी आणि 600 ग्रॅम तेल लागते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरायला हवी, म्हणजे वर्षाकाठी निव्वळ तांदूळच 2,400 किलो, 50 किलोच्या 48 गोण्या.

हे वजनाचे आकडे मी मुद्दाम सुरुवातीलाच दिले आहेत, कारण माझ्या मते सार्वजनिक स्वयंपाकघराच्या कार्बन मोजणीचा पाया तोच आहे. ‘स्थानिक’ हा शब्द कानावर पडताच आपले लक्ष अंतराकडे जाते आणि ताटात काय, किती आले हे मागे राहते. ठरावावर बोलताना आम्ही सगळे भाजीच्या 6 किलोंबद्दल बोलत होतो. तांदळाच्या 12 किलोंचा विषय कोणी काढलाच नाही, कारण तो तांदूळ शासनाकडून येतो आणि त्यात आपल्याला काही ठरवायचे नसते.

म्हणून आधी तांदूळच घेऊ. तो भारतीय अन्न महामंडळाच्या साठ्यातून उचलला जातो आणि पुरवठादार तो शाळेच्या दारात आणून टाकतो. तो आमच्यापासून हजार किलोमीटरवरून ट्रकने आला असे समजू. 16 टन माल भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर जात असेल, आणि एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असेल, तर एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी साधारण 42 ग्रॅम उत्सर्जन होते. त्या हिशेबाने आमच्या एका दिवसाच्या 12 किलो तांदळाच्या वाट्याला हजार किलोमीटरचे अर्धा किलो उत्सर्जन येते. ट्रक रिकामा परत गेला असे धरून त्या परतीच्या फेरीचे ओझेही तांदळावरच टाकले तरी आकडा एक किलोच्या आत राहतो, आणि माल रेल्वेने आला असेल तर तो पुष्कळ खाली येतो.

आता हाच तांदूळ ज्या खाचरात पिकला तिथे जाऊ. पाणी साचलेल्या भातखाचरातील चिखलात प्राणवायू नसतो. तिथे सेंद्रिय पदार्थ कुजताना मिथेन तयार होतो आणि भाताच्या पोकळ देठांमधून तो हवेत येतो. हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीने राष्ट्रीय मोजणीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, त्यांच्या 2019 सालच्या सुधारणेत दक्षिण आशियासाठी सतत पाणी भरलेल्या खाचरातून दर हेक्टरी दर दिवशी 0.85 किलो मिथेन आणि 112 दिवसांचा हंगाम असे ढोबळ मूल्य धरलेले आहे. म्हणजे हंगामात हेक्टरी सुमारे 95 किलो मिथेन. शंभर वर्षांच्या कालावधीत जैविक उगमाचा एक किलो मिथेन 27 किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापवतो असे त्याच समितीचा सहावा अहवाल सांगतो, त्यामुळे हे हेक्टरी साधारण 2,570 किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य उत्सर्जन झाले. भारतात हेक्टरी सरासरी सुमारे 2,800 किलो तांदूळ निघतो. भागाकार केला की एका किलो तांदळामागे, निव्वळ मिथेनचे, सुमारे 900 ग्रॅम उत्सर्जन येते. आमच्या स्वयंपाकघराच्या एका दिवसाच्या तांदळामागे जवळपास 11 किलो.

हजार किलोमीटरच्या वाहतुकीचे अर्धा ते एक किलो, आणि खाचरातल्या चिखलाचे अकरा किलो. हा आकडा मी तीन वेळा तपासला, कारण कारखान्यांच्या हिशेबात इंधनाला सर्वांत मोठे मानण्याची मला सवय आहे आणि इथे इंधन कोपऱ्यात पडले होते. पुढे लक्षात आले की जगाच्या पातळीवरही चित्र असेच आहे: 119 देशांतील सुमारे 38,700 शेतांची माहिती एकत्र करून 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अन्नाच्या एकूण उत्सर्जनातील वाहतुकीचा वाटा सुमारे 6 टक्के निघाला होता.

मात्र यातील 900 ग्रॅम हा आकडा दगडावरची रेघ नाही. खाचर हंगामात एकदा निचरून कोरडे होऊ दिले तर त्याच तत्त्वांनुसार उत्सर्जन सुमारे 0.71 पट होते, वारंवार कोरडे केले तर 0.55 पट, आणि पावसावरच्या साध्या खाचरात 0.54 पट. म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या पावसाच्या भाताचा किलो आणि बारमाही पाणी साठवलेल्या शेतातला किलो हे दोन वेगळे किलो आहेत, आणि या दोहोंमधला फरक हजार किलोमीटरच्या वाहतुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे. तांदूळ किती दुरून आला यापेक्षा तो ज्या खाचरात पिकला तिथे पाणी कसे ठेवले होते हे कळणे मला आज अधिक महत्त्वाचे वाटते, आणि आपल्या पुरवठा साखळीत नेमकी तीच माहिती गोणीसोबत प्रवास करत नाही.

इथे कोणी म्हणेल की मग मावळातला इंद्रायणी तांदूळ घ्या, तो तर जवळचा आहे. जवळचा आहे, पण तोही खाचरातलाच आहे. शिवाय पोषण आहाराचा जो तांदूळ आमच्याकडे आला तो पोषणतत्त्वयुक्त होता. लोह, फोलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-12 मिसळलेले दाणे साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात गिरणीत मिसळले जातात. शेजारच्या शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या तांदळात ते नसतात. ज्या मुलांच्या जेवणाचा आपण हिशेब करतो आहोत, त्यांच्या रक्तातल्या लोहाचा विचार कार्बनच्या रकान्याबाहेर ठेवून चालणार नाही.

भाजीचा हिशेब याच्या अगदी उलट निघाला, आणि तो मला अधिक शिकवून गेला. तालुक्याचा बाजार आमच्यापासून बारा किलोमीटरवर आहे. इंधन आणि भाजीपाल्याचे अनुदान शाळेच्या हातात येते, त्यामुळे भाजी आणण्याची जबाबदारी स्थानिकच असते. समजा कोणी दुचाकीवरून खास भाजीसाठी गेले आणि 6 किलो भाजी घेऊन आले. जाऊन-येऊन 24 किलोमीटर, लिटरला 50 किलोमीटरची सरासरी, आणि लिटरभर पेट्रोलमागे 2.3 किलो उत्सर्जन धरले तर या फेरीचे 1.1 किलो झाले. 12 किलो तांदळाला हजार किलोमीटर आणायला लागले त्याहून हे जास्त आहे. वजन कमी आणि वाहन त्याच्यासाठीच निघालेले, अशी जोडी जमली की अंतर कितीही थोडे असले तरी किलोमागचा आकडा चढतो. मोठ्या ट्रकमध्ये एका किलो मालावर हजार किलोमीटरचे 42 ग्रॅम पडतात. दुचाकीवर चोवीस किलोमीटरचे 180 ग्रॅम.

पण प्रत्यक्षात आमच्या शाळेत असे होत नव्हते. दोन शिक्षक रोज तालुक्याहूनच शाळेत येतात आणि येताना मेथी, कोबी, टोमॅटो, जे बाजारात स्वस्त व ताजे असेल ते पिशवीत घेऊन येतात. ते भाजीसाठी येत नाहीत, शिकवायला येतात. भाजी नसती तरी दुचाकी आलीच असती. मग या भाजीच्या वाट्याला वाहतुकीचे किती उत्सर्जन टाकायचे? मी बराच विचार करून शून्य टाकले. माझा नियम असा आहे की ‘हा माल नसता तर ही फेरी झाली असती का’ हा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर फेरीचा बोजा मालावर टाकायचा नाही. हिशेब ठेवणाऱ्या दुसऱ्या माणसाने वजनाच्या प्रमाणात वाटणी केली असती, आणि तेही चूक ठरले नसते. कोणता नियम लावला ते लिहून ठेवणे आणि पुढच्या वर्षीही तोच लावणे, एवढे मात्र दोघांनाही करावे लागेल. दरवर्षी सोयीचा नियम निवडला तर आकडे कमी होतात आणि धूर तेवढाच राहतो.

ठरावानुसार गावातल्या शेतकऱ्याची भाजी सुरू झाली. एका शेतकऱ्याचे शेत शाळेपासून तीन किलोमीटरवर, आणि तो भाजी देण्यासाठी स्वतंत्र फेरी मारत असे. म्हणजे सहा किलोमीटरचे पाव किलोहून थोडे जास्त उत्सर्जन. शून्याच्या जागी पाव किलो! फलकावर काय लिहायचे? ठराव मांडणाऱ्या सदस्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि मलाही वाईट वाटले, कारण त्यांचा हेतू चांगलाच होता. त्या शेतकऱ्याला दर सोमवारी आणि गुरुवारी तीन दिवसांची भाजी एकदम द्यायला सांगितले, आणि टिकणारी भाजी, म्हणजे दुधी, भोपळा, गाजर, शेवग्याच्या शेंगा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ते ओझे एक तृतीयांशावर आले.

खताची गोष्ट मात्र शेतातच विचारावी लागते. शेतकऱ्याला हेक्टरी किती किलो नत्र दिले असे विचारले तर तो विचारात पडतो. किती गोण्या युरिया टाकला असे विचारले तर लगेच सांगतो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र असते, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. त्यातला सुमारे एक टक्का नत्र जमिनीतून नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत जातो असे धरले जाते. हा वायू शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो, त्यामुळे ही चिमूटभर गळती एका गोणीमागे सुमारे 89 किलो समतुल्य उत्सर्जन करते. युरिया विरघळताना त्यातून थेट सुटणारे कार्बन डायऑक्साइड आणखी 33 किलो. कारखान्यात तो बनताना झालेले उत्सर्जन याशिवाय वेगळे. आमच्यासारख्या कोरड्या प्रदेशात नायट्रस ऑक्साइडचा टक्का निम्मा धरण्याची मुभा 2019 च्या सुधारणेत आहे. ठिबकच्या आणि भिजवून दिलेल्या पाटाच्या जमिनीत मी तो कसा धरावा याबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही, म्हणून वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले आहेत. पण एवढे नक्की की गोण्यांचा हिशेब न विचारता केवळ शेत जवळ आहे म्हणून भाजीला कमी कार्बनची ठरवणे हा अर्धाच हिशेब होतो.

शाळेच्या परसबागेविषयी मला सर्वांत जास्त जिव्हाळा आहे, आणि तिथेच मला स्वतःशी सर्वांत कठोर राहावे लागले. मुलांनी लावलेला पालक, मेथी, वांगी, कडीपत्ता आणि कोपऱ्यातला शेवगा यांची वाहतूक शून्य, खत शेणाचे, म्हणून उत्सर्जन शून्य, असे मी पहिल्या महिन्यात लिहून टाकले होते. मग बागेला पाणी कुठून येते ते पाहिले. कूपनलिकेवरची एक अश्वशक्तीची मोटर रोज अर्धा तास चालत होती, म्हणजे सुमारे अर्धा युनिट वीज. आपल्या देशातल्या विजेमागे युनिटला सरासरी 0.7 किलोच्या आसपास उत्सर्जन धरले जाते, म्हणजे बागेच्या पाण्याचे रोज साडेतीनशे ग्रॅम. बागेतून सरासरी रोज किलोभर भाजी निघत होती. किलोला साडेतीनशे ग्रॅम, आणि बाजारातून दुचाकीवर खास जाऊन आणलेल्या भाजीच्या वाहतुकीचे किलोला 180 ग्रॅम. मोटरच्या पाण्यावरची परसबाग त्या फेरीपेक्षाही महाग पडत होती.

ही गोष्ट मी मुख्याध्यापकांना सांगितली तेव्हा त्यांनी बाग बंद करण्याचा विचारही केला नाही, आणि ते योग्यच होते. त्या बागेत मुले फुलाचे फळ होताना पाहतात. त्यांनी गवंड्याला बोलावून हात धुण्याच्या ओट्याखालून एक नाली काढून घेतली. एकशेवीस मुले जेवणाआधी आणि जेवणानंतर हात व ताटे धुतात, शिवाय तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी असते. ते सगळे आता वाफ्यांत जाते. मोटर आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा लागते. या बदलाला एक दिवस लागला, आणि वर्षभरातल्या सगळ्या हिशेबातून निघालेला हा मला सर्वांत समाधानकारक परिणाम वाटतो.

गॅसबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते सर्वांत सोपे आहे. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळाल्यावर जवळपास तीन किलो कार्बन डायऑक्साइड होते, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमागे सुमारे 42 किलो. आमच्याकडे सिलिंडर आठ शाळा-दिवस टिकत असे, म्हणजे दिवसाला सव्वापाच किलो. भाजीच्या वाहतुकीच्या कित्येक पट. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हे सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, तूरडाळ तासभर आधी भिजत घातली असती तर गॅस वाचला असता हे आम्हाला ठाऊक आहे, पण सकाळी डाळीच्या कोठीची किल्ली आमच्याकडे नसते.” किल्ली साडेनऊला, शाळा उघडल्यावर मिळत होती. आता आदल्या दिवशी संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाची डाळ मोजून त्यांच्या ताब्यात दिली जाते, मोठ्या पातेल्याला बसेल असे झाकण आणले आहे, आणि सिलिंडर नऊ दिवस, कधी त्याहून थोडा जास्त जातो. मावशींनी हे आधी कधी सांगितले नव्हते, कारण त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांना गॅस मिळण्याच्या आधी त्या चुलीवर स्वयंपाक करत असत. लाकडाचा कार्बन झाडांनी परत शोषला असे कागदावर म्हणता येते, पण तो धूर त्यांच्या डोळ्यांत आणि छातीत जात होता, म्हणून चुलीकडे परत जाण्याचा पर्याय मी तक्त्यात घेतलेला नाही आणि घेणारही नाही.

संस्थांच्या कार्बन लेखांकनाची जी प्रचलित पद्धत आहे, तिच्यात उत्सर्जनाच्या तीन व्याप्ती मानतात. आपल्या आवारात जळालेले इंधन पहिल्या व्याप्तीत, विकत घेतलेली वीज दुसऱ्या व्याप्तीत, आणि विकत घेतलेल्या वस्तूंच्या मागचे सगळे तिसऱ्या व्याप्तीत. पहिल्या दोन व्याप्तींचा हिशेब देऊन थांबायची पद्धत आमच्या शाळेला लावली असती तर फक्त गॅस आणि मोटर दिसली असती. भाताच्या खाचरातले अकरा किलो कुठेच आले नसते. एखाद्या ग्रामपंचायतीला, आश्रमशाळेला किंवा ग्रामीण रुग्णालयाला अन्नाचा हिशेब करायचा असेल तर तिसऱ्या व्याप्तीपासूनच सुरुवात करावी लागेल. आश्रमशाळेत दोन वेळचे जेवण आणि दूध असते, रुग्णालयात दूध आणि अंडी असतात. तिथे गाई-म्हशींच्या पोटातून बाहेर पडणारा मिथेन भाताच्या शेजारी येऊन बसतो, आणि गोठा शेजारच्या आळीत आहे म्हणून तो कमी होत नाही.

आमच्या पट्ट्यात खरा ‘स्थानिक’ पर्याय भाजी नसून बाजरी आहे, हे मला वर्षाच्या शेवटी उमगले. नत्राचा हिशेब बाजरीलाही लागू आहे, पण तिच्या शेतात पाणी साचत नाही आणि म्हणून मिथेनचा रकाना कोरा राहतो. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा पुष्कळ भाषणे झाली. स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले तर अडचणी बारीक आणि खऱ्या आहेत. एकशेवीस मुलांच्या भाकरी थापायला दोन बायकांना अर्धा दिवस लागेल, आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या बायकांवर ते ओझे टाकणे अन्यायाचे आहे. कोणते धान्य किती द्यायचे हे शासन ठरवत असल्यामुळे शाळा आपल्या मर्जीने तांदूळ बदलूही शकत नाही. पण गावाच्या सहभागातून विशेष जेवण देण्याची तरतूद योजनेत आहे, आणि तिचा आधार घेऊन आम्ही पौष महिन्यात चार वेळा बाजरीची खिचडी केली. बाजरी गावातल्या घरांनी दिली, रात्री भिजवून सकाळी गिरणीत भरडून आणली, मूगडाळ शाळेच्या साठ्यातली होती. गॅस नेहमीपेक्षा अर्धा किलो जास्त गेला, म्हणजे दीड किलो उत्सर्जन वाढले. मिथेनचे सहा ते अकरा किलो टळले. पहिल्या दिवशी बरीच खिचडी ताटात राहिली. मावशींनी दुसऱ्या वेळी लसणाची फोडणी वाढवली आणि वरून तेल न घालता तिळाची चटणी दिली, तेव्हा मुलांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

उरलेल्या अन्नाचे वजन करायला सुरुवात केली ती या पहिल्या दिवसामुळे. शिजलेला तीन किलो भात उरला म्हणजे साधारण एक किलो तांदूळ वाया गेला, आणि त्याच्या खाचराचे, वाहतुकीचे, गॅसचे सगळे उत्सर्जन वाया गेले. आमच्याकडे उरलेला भात शेळ्यांना जातो, खड्ड्यात कुजत नाही, त्यामुळे पुन्हा मिथेन होत नाही. शहरात जिथे तो कचऱ्याच्या डोंगरावर जातो तिथे हा रकाना वेगळा भरावा लागेल.

स्थानिक खरेदीच्या बाजूने बोलायचे झाले तर मी आजही तिच्याच बाजूने आहे. ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शालेय आहारासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीपैकी किमान 30 टक्के रक्कम कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून खरेदीवर खर्च करणे बंधनकारक केले, ते लहान शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळावे आणि मुलांना ताजे अन्न मिळावे म्हणून. ही कारणे स्वतःच्या पायावर उभी राहण्याइतकी भक्कम आहेत. आमच्या गावच्या शेतकऱ्याला आठवड्याला 36 किलो भाजीचे ठरलेले गिऱ्हाईक मिळाले, अडत आणि हमाली वाचली, आणि मुलांच्या ताटात त्याच सकाळी खुडलेली मेथी आली. याला कार्बनच्या आकड्याचा टेकू लावायला गेलो तर उद्या कोणी हिशेब तपासल्यावर टेकूबरोबर खरेदीही पडेल, ही मला भीती वाटते. म्हणून वहीत ‘शेतकऱ्याला मिळालेले रुपये’ हा रकाना वेगळा आहे आणि त्याची बेरीज कार्बनच्या बेरजेत जात नाही.

आता मोजणीच्या कष्टाविषयी. शिक्षकांवर आधीच नोंदींचे पुष्कळ ओझे आहे, आणि त्यात आणखी एक तक्ता वाढवायचा माझा अजिबात विचार नव्हता. सुदैवाने शाळेत रोजच्या साठ्याचे रजिस्टर असतेच. किती मुले जेवली, किती तांदूळ आणि डाळ काढली, शिल्लक किती, हे त्यात रोज लिहिले जाते. कार्बनच्या हिशेबाला लागणारे मोठे आकडे तिथे आधीपासूनच बसलेले आहेत. त्याला मी फक्त चार गोष्टी जोडल्या: भाजी कोणाकडून आणि कोणत्या वाहनाने आली, सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, मोटर किती वेळ चालली, आणि जेवणानंतर किती अन्न उरले. हे एका ओळीत मावते. गुणाकार महिन्यातून एकदा मी करतो, आणि आता पाचवीचा वर्ग तो गणिताच्या तासाला माझ्याआधी करून ठेवतो.

दर्शनी भिंतीवर ‘इतके उत्सर्जन वाचवले’ असा फलक आम्ही लावला नाही. समितीने तसा ठराव बदलून घेतला. स्वयंपाकघराच्या दाराशी एक काळा फळा आहे, त्यावर रोजचे किलो लिहिले जातात. एक जागा मात्र अजून रिकामी आहे, ती म्हणजे तांदूळ कोणत्या खाचरातला. गोणीच्या तागावर गिरणीचे नाव, खरेदीचा हंगाम आणि राज्य छापलेले असते, पण गोणी रिकामी झाली की ती घडी करून कोपऱ्यात ठेवली जात असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाचवीच्या मुलांनी प्रत्येक नव्या गोणीवरचा छाप वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. आजवर अकरा गोण्या झाल्या आहेत. एका गोणीवरचा छाप पाण्याने पुसला गेला होता, तर मुलांनी ती उन्हात पसरून, दोन बाजूंनी ताणून धरून, राज्याच्या नावाची पहिली तीन अक्षरे वाचून काढली.